तेल पिणारी गाडी

अण्णांनी मोडलेला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला आणि म्हणाले, "तेल मी घालत होतो."

भरतेशला आधी ते कळलंच नाही. तो खुशीत होता. सकाळी त्याची गाडी विकली गेली होती आणि विकताना आपण काही लपवलं नाही, याचं त्याला समाधान होतं. तेच तो जेवताना आम्हाला सांगत होता. गाडी घेणारी मुलगी पंचविशीच्या आतली, नुकतंच नर्सिंग संपवलेली. तिला त्यानं स्वतःहून सांगितलं होतं की ही गाडी पूर्वी तेल प्यायची, पण इंजिनात जाड तेल घातलं तेव्हापासून तिचं ते व्यसन सुटलं. तो महिन्या-महिन्याला बघत होता, पातळी कधी खाली आली नव्हती.

"कसलं तेल?" त्यानं विचारलं.

"इंजिनात. तुझ्या गाडीच्या," अण्णा म्हणाले. "आठ-दहा दिवसांनी बघायचो. उतरलेलं असायचं. मग घालायचो."

मी तव्यावरची भाकरी उलटायला उठले होते, ती तशीच करपली.

आम्ही तेव्हा न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहत होतो. मी एका औषधांच्या दुकानात कामाला होते, भरतेश कॉम्प्युटरमधला. अण्णा म्हणजे माझे सासरे, अण्णासाहेब मगदूम. सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात ते चीफ केमिस्ट होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाई गेल्यावर दोन वर्षांनी ते पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते, सहा महिन्यांसाठी.

बाप-लेकाचं भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. भरतेश इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला नापास झाला तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत. पुढे तो पहिल्या वर्गात पास झाला तेव्हाही काही बोलले नाहीत. आई गेली तेव्हा त्यांनी फोनवर "आई गेली, झोपेतच गेली" एवढंच सांगितलं. भरतेश पोचला तोवर सगळं उरकलेलं होतं. एकदा तो मला म्हणाला होता, "आमच्या घरात आई बोलायची आणि अण्णा असायचे." आता आई नव्हती आणि दोघं एका घरात होते. सकाळी अण्णा त्याला विचारायचे, "थंडी आहे का बाहेर?" तो म्हणायचा, "आहे." संभाषण संपलं.

गाडी जपानी होती, निळी, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. जपानमध्ये कुणाची तरी होऊन, मग जहाजातून इकडे आलेली. न्यूझीलंडच्या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या तशाच आलेल्या असतात, पण ही शर्यतीच्या घाटाची होती आणि पहिल्या मालकानं ती शर्यतीसारखीच हाणलेली असणार. भरतेशनं ती हौसेनं घेतली. वर्षभरात लक्षात आलं की गाडी तेल पिते. खाली जमिनीवर एक थेंब सांडलेला नसायचा, पण तेल मोजायची सळई काढून बघावी तर ती जवळजवळ कोरडी. मेकॅनिकनं सांगितलं की आतल्या पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, तेल त्यांच्या फटीतून वर चढतं आणि पेट्रोलबरोबर जळून जातं. खरा उपाय म्हणजे इंजिन खोलणं. नाहीतर जाड तेल घालून बघा, कधी कधी लागू पडतं.

त्याच सुमारास भरतेशच्या कंपनीनं हॅमिल्टनचं ऑफिस बंद केलं आणि त्याची नोकरी गेली. इंजिन खोलण्याचा विषयच उरला नाही. त्यानं जाड तेल घातलं. त्याच आठवड्यात अण्णा आले.

पुढचं सगळं आम्हाला त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कळलं. अण्णा पहाटे उठायचे, आम्ही झोपलेले असताना. एका सकाळी भरतेश मुलाखतीला निघाला आणि गाडी सुरू होताना मागून निळसर धूर आला, तो अण्णांनी खिडकीतून बघितला. कारखान्यात आयुष्य गेलेलं, कुठला धूर कशाचा हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारामागची किल्ली घेतली, बॉनेट उघडलं, सळई पुसून बुडवून बघितली. मग गॅरेजमधल्या डब्यावरचा तेलाचा नंबर वाचला आणि फिरायला जाऊन येताना तसलाच एक डबा घेऊन आले. तो डबा ते आपल्या पलंगाखाली ठेवत. आम्हाला वाटायचं, ते वाचनालयात जातात.

"मला का नाही सांगितलंत?" भरतेशनं विचारलं.

"तुझी नोकरी गेलेली. त्यात इंजिन खोलायचं म्हणजे आणखी एक काळजी. म्हटलं, तेलच तर घालायचंय."

"आणि मी त्या मुलीला सांगितलं की गाडी बरी झाली."

"ते मला आत्ता कळलं," अण्णा म्हणाले. "गाडी तेल पिते हे तुला माहीत आहे, असंच मी धरून चाललो होतो. म्हटलं, विकताना सांगेलच."

मग भरतेशनं विचारलं की शेवटचं कधी घातलं. त्यांना मध्ये चांगला ताप येऊन गेला होता, दोन आठवडे ते अंथरुणातच होते. तापाच्या आधी घातलं होतं, त्यानंतर नाही. आणि त्याच दोन आठवड्यांत गाडी बघायला गिऱ्हाइकं आली होती, भरतेश त्यांना लांबलांबवर फिरवून आणत होता.

त्या मुलीचं नाव आरोहा. ती माओरी होती, तिथल्या मूळच्या लोकांपैकी. वेलिंग्टनच्या एका हॉस्पिटलात तिला पहिली नोकरी लागली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. सामान मागच्या सीटवर कोंबून ती आमच्या दारातूनच पुढे निघाली होती. हॅमिल्टन ते वेलिंग्टन म्हणजे दिवसभराचा रस्ता, आणि मधला एक मोठा पट्टा नुसत्या उजाड माळाचा. घर नाही, झाड नाही, फोन लागत नाही. हिवाळ्यात तिथे बर्फ पडून रस्ता बंदही होतो.

मी तिला फोन लावला. बंद होता. निरोप ठेवला. परत लावला, परत निरोप ठेवला.

"चला," अण्णा म्हणाले आणि उठून हात धुतले. जेवण अर्धंच झालं होतं. अन्न टाकणं अण्णांना चालत नसे. त्या दिवशी त्यांनी टाकलं.

माझी छोटी पांढरी गाडी होती, ती काढली. भरतेश चालवत होता, अण्णा त्याच्या शेजारी, मी मागे. तेलाचा डबा अण्णांनी पायाशी धरला होता. टोकोरोआ नावाचं गाव वाटेत लागतं, तिथे आपली मावशी राहते आणि तिच्याकडे थांबून पुढे जाणार आहे, असं आरोहा म्हणाली होती. तेवढीच आशा होती. नाहीतर ती आमच्या पुष्कळ पुढे होती.

दोन्ही बाजूला ओली हिरवी कुरणं, गाई, मधूनच नदी. मी न राहवून विचारलं की तेल पार संपलं तर काय होतं. अण्णांनी मान न वळवता सांगितलं. लोखंडावर लोखंड घासतं, तापतं आणि एका क्षणी इंजिन जाम होतं. चालत्या गाडीची चाकंसुद्धा त्याबरोबर अडकू शकतात. समोरून लाकडाचे ओंडके भरलेले ट्रक येत होते, एकामागून एक.

टोकोरोआत आम्ही मुख्य रस्त्यावरून दोनदा फिरलो. मागच्या गल्ल्याही बघितल्या. निळी गाडी कुठे नव्हती. एका दुकानात मी विचारलं, तिथल्या बाईंनी कुठल्या मावशीची भाची म्हणून विचारलं, आणि मावशीचं नाव मला माहीत नव्हतं. मी परत येऊन बसले. भरतेश स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता.

"मी तिला म्हणालो होतो, डोळे झाकून घ्या," तो म्हणाला. आमच्यापैकी कुणाला उद्देशून ते नव्हतं.

"पुढे जाऊ," अण्णा म्हणाले.

पुढे टाउपोचं मोठं सरोवर लागलं. रस्ता पाण्याच्या कडेकडेनं जातो, पलीकडे बर्फाचे डोंगर दिसतात. एरवी आम्ही तिथे पाहुण्यांना घेऊन यायचो, फोटो काढायचो. त्या दिवशी मी फक्त रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्या बघत होते. सरोवर संपतं तिथे तुरांगी नावाचं लहानसं गाव आहे. त्याच्यानंतर तो उजाड माळ सुरू होतो.

तुरांगीच्या पेट्रोल पंपावर ती निळी गाडी उभी होती. बॉनेट वर केलेलं होतं. आरोहा शेजारच्या कट्ट्यावर बसून कागदी पिशवीतलं काहीतरी खात होती. आम्हाला बघून ती उठून उभी राहिली आणि हसली. आम्ही तिथे कसे, हे तिला कळेना. तिच्या फोनची बॅटरी संपली होती. एका वळणावर स्टिअरिंगसमोरच्या काट्यांमधला लाल दिवा लुकलुकला म्हणून ती पंपावर वळली होती. पंपावरच्या माणसानं पाणी घालून बघायला सांगितलं, ते तिनं घातलं होतं. शनिवारची दुपार, गावातला मेकॅनिक दुकान बंद करून मासे धरायला गेला होता. खाऊन झालं की निघणारच होती.

भरतेश पुढे होऊन बोलायला लागला. अण्णांनी त्याच्या दंडाला हात लावून त्याला थांबवलं.

अण्णांचं इंग्रजी कारखान्याच्या रिपोर्टातलं होतं. वाक्य पूर्ण करत, शब्द सुटा सुटा उच्चारत ते बोलायचे. त्यांनी तिला सांगितलं, "मी याचा बाप. यानं तुम्हाला जे सांगितलं ते त्याच्या समजुतीप्रमाणे खरं होतं. गाडी बरी झालेली नाही. ती तेल पिते. मी याच्या नकळत भरत होतो, म्हणून याला ती भरलेली दिसायची. चूक माझी आहे. त्याला खोटारडा समजू नका."

आरोहानं एकदा त्यांच्याकडे आणि एकदा भरतेशकडे बघितलं. तिला राग आला असावा, असं मला वाटलं, पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती म्हणाली, "पण तुम्ही त्याला सांगितलं का नाही?"

अण्णा उघड्या बॉनेटकडे वळले.

भरतेश म्हणाला, आम्ही गाडी परत घेतो, तुमचे पैसे देतो, तुम्हाला वेलिंग्टनला जायची बसही गाठून देतो. ती विचारात पडली. मग अण्णांनी सळई काढली. टोकाला कुठेतरी काळा ओलावा होता, बाकी कोरडी. त्यांनी डब्यातलं तेल थोडं घातलं, थांबले, परत बघितलं, परत घातलं. गाडी सुरू करायला सांगितली आणि बॉनेटवर वाकून बराच वेळ कान देऊन उभे राहिले. आत कुठे ठोके पडत नव्हते. "वाचली," ते मराठीत म्हणाले. लाल दिवाही गेला होता.

"किती पिते ही?" आरोहानं त्यांनाच विचारलं.

अण्णांनी तिला नीट सांगितलं. पेट्रोलची एक टाकी संपेस्तोवर साधारण दोन पेले. गाडी हाणली तर जास्त, सावकाश चालवली तर कमी. मग त्यांनी तिच्याकडूनच ते करून घेतलं. सपाट जागा बघायची, इंजिन बंद करून जरा थांबायचं, सळई काढायची, पुसायची, परत बुडवायची, मग वाचायची. पहिल्या वेळी तिनं पुसायला विसरून वाचली. अण्णांनी परत करायला लावली. दुसऱ्या वेळी बरोबर वाचली.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "मग चालेल मला. आता माहीत आहे तर मी बघत जाईन. मला सोमवारी कामावर जायचंय, आणि गाडी मला आवडली आहे."

भरतेशनं तिला पुन्हा विचारलं, मग पुन्हा. ती ठाम होती. त्यानं निदान थोडे पैसे परत घ्यायला लावले, ते तिनं घेतले. तेलाचा डबा अण्णांनी तिच्या पुढच्या सीटखाली ठेवला. जाताना तिनं खिडकीतून हात काढून अण्णांचा हात हातात घेतला आणि त्यांना पुन्हा एकदा विचारलं की खरंच, तुम्ही याला का नाही सांगितलंत. ती गंमतीनं विचारत होती. मग ती गेली. ती माळाच्या रस्त्याला लागेपर्यंत आम्ही बघत उभे होतो. मागून धूर दिसला नाही.

परतीच्या वाटेला भरतेश जरा मोकळा झाला होता. मुलगी चांगली निघाली, नशीब, असं काहीतरी तो बोलला. दिवस कलायला लागला होता आणि अण्णा सूर्यास्तानंतर जेवत नसत. आमच्या जैन घरात तो नियम आता त्यांच्यापुरताच उरला होता. भरतेशनं टाउपोच्या अलीकडे एका दुकानासमोर गाडी थांबवली, केळी आणि दही घेतलं आणि सरोवराच्या काठी एका मोकळ्या जागेत गाडी लावली. "खाऊन घ्या अण्णा. अजून अर्धा तास आहे दिवस," तो म्हणाला.

अण्णांनी केळं हातात घेतलं, सोललं नाही.

"भरतेश, तुझी आई झोपेत गेली नाही," ते म्हणाले.

भरतेशनं त्यांच्याकडे बघितलं.

अण्णा समोरच्या काचेतून पाण्याकडे बघत बोलले. थांबत थांबत, पण मध्ये काही न गाळता. सासूबाईंच्या दोन्ही किडन्या वर्षभर आधीच गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा सांगलीला डायलिसिसला न्यावं लागायचं. आमचा फोन रविवारी यायचा, म्हणून अण्णांनी डॉक्टरांना सांगून शनिवारचा दिवस मागून घेतला होता, की दुसऱ्या दिवशी तिला जरा बरं वाटावं, आवाज चांगला यावा. आम्ही तेव्हा इथे नवीन होतो. भरतेशची नोकरी नवी, कायम राहण्याचे कागद सरकारकडे अडकलेले. तो उठून आला असता तर सगळं गेलं असतं, असा अण्णांचा हिशोब होता. शेवटचा महिना ती हॉस्पिटलातच होती. त्या महिन्यातले रविवारचे फोन तिनं हॉस्पिटलातूनच घेतले होते. नंतर भरतेश घरी आला तेव्हा कुणी काही बोलू नये, असं अण्णांनी नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना बजावून ठेवलं होतं.

मला ते फोन आठवत होते. मागे कुणीतरी बोलत असायचं. विचारलं की सासूबाई म्हणायच्या, शेजारच्या बायका आल्यात.

"तिला सांगायचं नव्हतं का मला?" भरतेशनं विचारलं.

"सांगायचं होतं," अण्णा म्हणाले. "एका रविवारी ती सांगायला लागली. 'भरतू, मला जरा' असं म्हणाली. मी तिच्या हातातून फोन घेतला. तुला म्हटलं, लाइन खराब आहे."

बाहेर काठावर बदकं होती.

"मग?"

"मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ठीक आहे, आत्ता नको. पण मी गेल्यावर तुम्ही स्वतः त्याला सांगायचं. फोनवर नाही, समोर बसून. मी हो म्हणालो." अण्णांनी केळं पिशवीत परत ठेवलं. "तेच सांगायला आलो होतो. आल्या दिवसापासून रोज सकाळी ठरवायचो."

भरतेश दार उघडून बाहेर पडला. तो काठाकाठानं चालत गेला, लांब, एका वाकलेल्या झाडापलीकडे. मी उतरायला लागले तेव्हा अण्णा म्हणाले, "जाऊ दे त्याला." आम्ही दोघं बसून राहिलो. मी त्यांना म्हटलं, अण्णा, निदान दही तरी खा. त्यांनी मान हलवली. डोंगरांवरचं ऊन आधी तांबडं झालं, मग गेलं. त्यांनी खाल्लं नाही. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. आधी काय आलं हे आजही सांगता येणार नाही.

भरतेश परत आला तेव्हा त्याचे बूट ओले झाले होते. त्यानं गाडी सुरू केली.

पुढचे काही दिवस अवघड गेले. तो अण्णांना चहा द्यायचा, औषधाची आठवण करायचा, पण त्यांच्याकडे बघायचा नाही. अण्णांनी एकदा मला हळूच विचारलं की तिकीट अलीकडचं करून घेता येईल का. मी ते भरतेशला सांगितलं. "नको," तो म्हणाला. "राहू दे त्यांना."

मग एका दुपारी मी कामावरून आले तर स्वयंपाकघरात भांडी घासता घासता भरतेश विचारत होता, "कुठल्या डॉक्टरकडे होती?" अण्णा मागे खुर्चीवर बसून सांगत होते. डॉक्टरचं नाव, वॉर्ड, खिडकी कुठल्या बाजूला होती ते. मी बाहेरच थांबले. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, जेवायला काय देत होते. त्यानंतर, सोबत कोण झोपायचं. कधी एकच प्रश्न असायचा, कधी तासभर चालायचं. एकदा भरतेश मोठ्यानं बोलला. "तुम्हाला काय अधिकार होता?" हे मी आतल्या खोलीतून ऐकलं. अण्णा म्हणाले, "काहीच नव्हता." त्या दिवशी दोघंही जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी प्रश्न पुन्हा सुरू झाले. अण्णा जाईपर्यंत तो वर्षभराचा काळ त्यानं तुकड्या-तुकड्यानं त्यांच्याकडून काढून घेतला. विमानतळावर तो त्यांच्या पाया पडला. पडेल की नाही याची मला खात्री नव्हती.

पुढे भरतेशला नोकरी लागली, आम्हाला मुलगी झाली. आरोहाचा त्या नाताळात एक मेसेज आला होता, गाडी ठीक आहे, अण्णांना नमस्कार सांगा. नंतर आमचा संपर्क राहिला नाही.

अण्णांचा फोन दर रविवारी यायचा आणि तो पूर्वीसारखा दोन मिनिटांत संपायचा नाही. ते सगळं सांगायचे. दाढ हलते आहे. रात्री तीनदा उठावं लागतं. रक्तातली साखर इतकी आली, मागच्या वेळेपेक्षा जास्त. जिन्यावर पाय घसरला, लागलं नाही, आणि मग लगेच, "खरंच लागलं नाही, शेजारच्या पाटील वहिनींना विचार." कधी कधी भरतेश कंटाळायचा. फोन कानाला लावून तो बागेत फेऱ्या मारायचा आणि "हं, हं" करायचा. पण फोन कधी आधी ठेवायचा नाही.

असं आठ वर्षं चाललं. मग एकदा फोन मंगळवारी आला. मी स्पीकरवर ऐकत होते. अण्णांनी आधी हवा विचारली. मग म्हणाले, "पोटात गाठ निघाली आहे. डॉक्टर सहा महिने म्हणतात. मला तेवढं वाटत नाही. तू ये."

भरतेश गुरुवारी निघाला. नोकरीत रजा नव्हती, बिनपगारी काढली. मला शाळकरी मुलीला सोडून लगेच जाता आलं नाही, मी शेवटच्या आठवड्यात पोचले. मधले दिवस तो रोज फोन करायचा आणि सांगायचा, आज एवढी पेज घेतली, आज उशीला टेकून बसले, आज दुखलं फार. घरी त्यांच्या खोलीत तो खाली गादी टाकून झोपत होता. अण्णा दीड महिना जगले.

ते गेले तेव्हा मी बाहेर पडवीत होते. आत फक्त भरतेश होता. नंतर बऱ्याच दिवसांनी मी त्याला विचारलं की शेवटी ते काही बोलले का.

"खास काही नाही," तो म्हणाला. "पाणी मागितलं. मी दिलं. मग म्हणाले, बस, जाऊ नकोस. मी कुठे जाणार होतो."